खांबावरचे दोन टोले

गॅरेजच्या लोखंडी खांबावर पान्याचे दोन टोले पडले की ताईने हातातलं काम टाकून खाली जायचं, असं त्या नवरा-बायकोत कधी ठरलं नव्हतं. ठरवायला आधी बोलावं लागलं असतं, आणि त्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही एवढंच काय ते ठरलेलं होतं.

ती गोष्ट म्हणजे मिस्त्रींचे कान.

एकेकाळी या कानांची ख्याती होती. गाडी अजून कोपऱ्यावरच्या वळणावर असायची आणि मिस्त्री हात पुसत म्हणायचे, "दुसऱ्या नंबरचा प्लग गेलाय. येऊ दे." गाडी दारात थांबायची, बोनेट उघडायचं, आणि दुसऱ्याच नंबरचा प्लग काळा ठिक्कर निघायचा. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. तेव्हाच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचे, डॅशबोर्डवर दिवे फार तर दोन. काय दुखतंय ते गाडी आवाजातूनच सांगायची, आणि ज्याला कान होते त्याला ते कळायचं.

ताई लग्न होऊन गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटायचं की आपण इंजिनाच्या पोटातच संसार मांडलाय. खाली कोणी रेस केली की मांडणीवरची भांडी नाचायची. तिच्या आईला पहिल्या पत्रात तिने लिहिलं होतं, "इथे माणसं कमी आणि गाड्या जास्त बोलतात." मग हळूहळू तिचेही कान तयार झाले. दूध उतू जायच्या आधी त्याचा आवाज बारीक बदलतो, तो बाईला पाठमोरी असतानाही कळतो, तसं तिला फरशीतून इंजिन कळायला लागलं. मिस्त्री वर जेवायला आले की ती म्हणायची, "त्या निळ्या गाडीचा चौथा नंबर रडतोय." ते हसायचे. "आता तुलाच पाना देतो आणि मी पोळ्या लाटतो." अशी पस्तीस-छत्तीस वर्षं गेली.

कान एकदम गेले नाहीत. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिटी, मग नातीचं फोनवरचं बोलणं. "हल्लीची पोरं पुटपुटतात," मिस्त्री म्हणायचे. घणाचे ठोके आणि उघड्या सायलेन्सरचा गडगडाट इतकी वर्षं कानांवर घेतल्यावर दुसरं काय होणार? पण ज्याची भाकरीच कानावर, त्याने बहिरेपण कबूल करायचं म्हणजे सुताराने हात नाहीत म्हणण्यासारखं.

गाडी मिसिंग मारत असली, म्हणजे इंजिन अडखळत असलं, की मिस्त्री जुन्याच पद्धतीने तपासायचे. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचं कनेक्शन काढत जायचं. सहा जणांनी मिळून एक जड पेटी उचललेली असावी, तशी ती तऱ्हा. त्यातल्या एकाने खांदा काढला तर पेटी खचते, आणि खचली नाही तर समजायचं की हा गडी आधीपासूनच नुसता हात लावून चालला होता. कनेक्शन काढल्यावर आवाज पडला तर तो नंबर धडधाकट, नाही पडला तर तो मेलेला. आवाज पडतो तो कधी ढप्पकन, कधी केसाएवढा.

तो केसाएवढा फरक मिस्त्रींना दोन वर्षांपूर्वी ऐकू येईनासा झाला. त्या दिवशी ताई चहा घेऊन खाली आली होती. मिस्त्रींनी कनेक्शन काढलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. अनोळखी गावात रस्ता चुकलेल्या माणसाचा तो चेहरा होता. तिने कप ठेवला, मडगार्डवर तर्जनी टेकवली, आणि आवाज पडला तेव्हा बोट उचललं. मिस्त्रींनी बोटाकडे पाहिलं. दुसरं कनेक्शन काढलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं. गाडी दुरुस्त झाली. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल ब्र काढला नाही.

तेव्हापासून खांबावर दोन टोले पडायला लागले. खांब वरच्या फरशीला भिडलेला होता, टोले थेट तिच्या पायांत यायचे. ती खाली जायची, फडकं घेऊन मडगार्ड पुसल्यासारखं करायची आणि बोट ठेवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारीला स्वच्छतेचा सोस आहे.

आणि मग ताईच चुकली. एक नवीन गिऱ्हाईक आलं होतं, तक्रार सांगत होतं, आणि मिस्त्री भलतंच उत्तर देत होते. तो ब्रेकबद्दल बोलत होता, हे क्लचबद्दल. ताईच्या तोंडून निघून गेलं, "जरा मोठ्याने सांगा हो, त्यांना कमी ऐकू येतं."

गिऱ्हाईक "बरं बरं" म्हणालं. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गिऱ्हाईक गेल्यावर ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू वर जा. ही काही बायकांची बसायची जागा नाही."

अडतीस वर्षं तिने त्या गॅरेजात उभं राहून काढली होती. ती वर गेली. तीन दिवस अबोला. जेवणाचं ताट ठेवलं जायचं, उचललं जायचं. मिस्त्रींना एरवीही कमी ऐकू येत होतं, त्यामुळे अबोल्याचा जाच खरं तर तिलाच झाला.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटा आला.

धाकटा म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. केस पांढरे झाले, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी सगळ्यांच्या तोंडी धाकटाच. त्याची अठरा वर्षांची जुनी एसयूव्ही होती, सहा सिलिंडरची, पेट्रोल पिणारी, धुळकट करड्या रंगाची. घरात तिला हत्ती म्हणायचे. वर्षापूर्वी धाकट्याच्या हृदयाने एक झटका दिला होता. त्याचं घर डोंगराच्या पलीकडे, मोठं हॉस्पिटल अलीकडे, मध्ये नऊ किलोमीटरचा चढ. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सारखी म्हणायची की हा पांढरा हत्ती विका आणि लहानशी गाडी घ्या. तो म्हणायचा, "मला काही झालं तर लहान गाडी माझं पोट घेऊन चढ चढेल का?"

"भाऊजी, दिवा लागलाय!" खालून त्याचा आवाज आला. धाकटा मुळातच घसा फोडून बोलायचा, म्हणून मिस्त्रींचं आणि त्याचं छान जमायचं. "इंजिनाचा पिवळा दिवा. आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते, थंडी भरल्यासारखी!" मग मान वर करून, "ताई! चहा टाक, येतोच!"

ताईने चहाचं आधण ठेवलं. खाली मिस्त्रींनी मुलीने आणून दिलेलं तपासणीचं यंत्र जोडलं असावं, कारण थोड्या वेळाने ते धाकट्याला म्हणाले, "हे डबडं म्हणतंय की इंजिनात कोणीतरी कामचुकार आहे. कोण ते नाही सांगत. सगळ्यांवरच संशय घेतंय."

"म्हणजे अगदी माझ्या बायकोसारखं," धाकटा म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला.

इंजिन सुरू झालं. ताईच्या पायांखालची फरशी गुणगुणायला लागली, आणि त्या गुणगुणण्यात कुठेतरी एक पाऊल लंगडत होतं.

खांबावर दोन टोले पडले.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. पान्याने बोलावतात, मनात आलं. तोंड आहे ना? "वर ये, चुकलं माझं" राहू दे, नुसतं "अगं" म्हणू देत. ती परत फिरली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली.

पुन्हा दोन टोले पडले, जरा हळू.

ती गेली नाही.

मग खाली एकेक कनेक्शन निघायला लागलं. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही दाराला कडी लावून घेत नाहीत. एक, आवाज पडला. दोन, पडला. तीन काढलं त्याच वेळी इंजिनाचा पंखा घरघरत सुरू झाला, पण त्या घरघरीच्या खालीही आवाज पडलेला तिला कळला. चार, पडला. पाच. हातातली उशीची खोळ तशीच राहिली. पाच नंबरला काही म्हणजे काही झालं नाही, पडलाच असेल तर केसाएवढा. सहा, पडला.

पाच, ती मनात म्हणाली, आणि खोळीची घडी घातली.

तासाभराने धाकटा जिना चढून वर आला. मधल्या पायरीवर दम खायला थांबला, तेही तिला कळलं. "झालं!" तो खुर्चीत बसत म्हणाला. "तीन नंबर होता. नवीन कॉइल टाकली. बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावलं, दिवाही गेला. भाऊजी म्हणजे देवमाणूस आहेत. हात ठेवतात आणि सांगतात."

हात ठेवतात. म्हणजे कानांनी जमलं नाही म्हणून त्यांनी तळहाताने पाहिलं होतं, आणि पंख्याच्या थरथरीने तळहाताला फसवलं होतं. ताईला सगळं लख्ख दिसलं, जणू ती तिथे उभी होती.

"तीन म्हणाले?" तिने विचारलं.

"तीन. का गं?"

आता सांगायचं, तर "तुझ्या भाऊजींना ऐकू येत नाही" हेही सांगायला हवं होतं. चार दिवसांपूर्वी परक्यासमोर बोलली तर हे रामायण. आता माहेरच्या माणसासमोर बोलली तर ते जन्मभर तोंड बघणार नाहीत. त्यांना एकट्याला रात्री सांगू, तिने ठरवलं. उद्या फोन करून ते धाकट्याला बोलावून घेतील, काहीतरी निमित्त काढतील.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा घे."

"साखर टाक गं. तिकडे मला औषधासारखा चहा मिळतो."

तिने साखर टाकली, जरा जास्तच. तो दोन कप प्यायला. जाताना खाली मिस्त्री त्याला म्हणाले, "पुन्हा दिवा लागला तर घाबरू नकोस. जुनी गाडी आणि म्हातारं माणूस, कुठे ना कुठे दिवा लागायचाच." धाकटा खो खो हसला. हत्ती निघाला. वळणापर्यंत ताईला ते लंगडतं पाऊल ऐकू येत राहिलं.

रात्री मिस्त्री वर आले, काही न बोलता जेवले, काही न बोलता झोपले. तिने उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "भाजी छान झालीय." पाच दिवसांतलं पहिलं वाक्य. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, आणि ते इतकं बरं वाटत होतं की त्यात "तुमचं चुकलं" टाकायला तिची जीभ वळेना. तिसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला, पळायला लागली की गाडी लोण्यासारखी चालते. मग तिने स्वतःची समजूत घातली, वरच्या मजल्यावरून ऐकलेलं कुठे खरं असतं? आपलाच अहंकार, दुसरं काय.

दहाव्या दिवशी दुपारी धाकटा गेला.

छातीत कळ आली तेव्हा तो अंगणात झाडांना पाणी घालत होता. अँब्युलन्सवाले म्हणाले, पाऊण तास लागेल. तो म्हणाला, "हत्ती काढ." वहिनीने गाडी काढली. तिला फारशी सवय नव्हती, बाजारापुरती चालवायची. चढाला लागेपर्यंत ठीक होतं. तिसऱ्या किलोमीटरला दिवा लागला आणि लुकलुकायला लागला. गाडी गदागदा हलायला लागली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पिकअप नाही. दुसरा गिअर, मग पहिला. मागून हॉर्न. माणूस चालतो त्या वेगाने गाडी आणखी अर्धा किलोमीटर गेली आणि उभी राहिली. कोणीतरी आपल्या गाडीत घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि स्ट्रेचर आत न्यायची घाई केली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हत्ती टोचन लावून गॅरेजात आला. ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवरून वहिनी उतरली. ती निम्मी झाली होती. ताईने तिला जवळ घेतलं तर हाडं हाताला लागली.

"मला कळायला हवं, भाऊजी," ती म्हणाली. मिस्त्रींच्या कानांचं तिला माहीत नव्हतं तरी ती मोठ्याने बोलत होती, रडून रडून घसा बसलेली माणसं जोर लावून बोलतात तसं. "माझ्या हातून काय चुकलं ते मला सांगा."

"तुझ्या हातून काय चुकणार?" ताई म्हणाली.

"चालवत मी होते, ताई."

मिस्त्री गाडीखाली सरकले. लाकडी हातोडीने सायलेन्सरमधल्या, धूर गाळणाऱ्या जाळीच्या डब्यावर ठोकलं, आत खडखडलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर काजळी होती. "जाळी वितळून बसलीय. इंजिनाला श्वास सोडायला जागाच उरली नाही. चढ कसा चढणार?"

"ती का वितळते?"

"मिसिंग असताना गाडी रेटली की न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन जाळीत जळतं. दिवा लुकलुकत होता?"

"होता."

"लुकलुकला की थांबायचं असतं." ते मऊ आवाजात म्हणाले, शिकाऊ माणसाला समजावतात तसं.

"तुम्हीच यांना म्हणाला होतात ना, दिवा लागला तर घाबरू नका?"

"लागला तर, म्हणालो. लागणं वेगळं, लुकलुकणं वेगळं."

वहिनीने गाडीकडे पाहिलं. शेजारची सीट अजून मागे कललेलीच होती, त्याला झोपवलं होतं तशी. "म्हणजे मी रेटली म्हणून," ती म्हणाली. "मी थांबले असते तर..."

"थांबून काय केलं असतंस?" ताई तीव्रपणे म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "अहो, पण मिसिंग मुळात का होत होतं? तुम्ही तर दुरुस्त केलं होतंत."

"केलंच होतं. नंतर काही झालं असेल. पेट्रोल भेसळीचं मिळालं असेल."

"पेट्रोलही मीच भरलं होतं," वहिनी म्हणाली. तिने तेही सहज आपल्या पदरात घेतलं.

ताईने मडगार्डवर हात टेकला. गार पत्रा. मग तिने तर्जनी टेकवली. "सुरू करा गाडी," ती म्हणाली. "एकेक काढून बघा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत टोले पडले नव्हते, आणि आज ती टोल्याशिवाय उभी होती. त्यांनी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले, एक पिवळा तेवढा राहिला. इंजिन खोकत, गुदमरत सुरू झालं.

एक. बोट वर. दोन. बोट वर. तीन, ज्याची कॉइल नवी कोरी चमकत होती. आवाज ढप्पकन पडला आणि ताईने बोट उचललं. चार. वर.

पाच.

मिस्त्रींनी कनेक्शन काढलं. इंजिन होतं तसंच खोकत राहिलं. ताईचं बोट पत्र्यावर होतं. ते उचललं असतं तर कोणाला काय कळणार होतं? पेट्रोल वाईट होतं, चालवणारी नवखी होती, माणसाची वेळ भरली होती. मिस्त्रींचा हात कनेक्शन धरून थांबला होता आणि त्यांची नजर तिच्या बोटावर खिळली होती. तिने बोट उचललं नाही.

त्यांनी पाच परत जोडलं. सहा काढलं. बोट वर. इंजिन बंद केलं, फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं.

"सहाही चालू आहेत," ते वहिनीला म्हणाले.

ताईला वाटलं, आपणच बहिऱ्या झालो. त्यांनी बोट पाहिलं होतं. त्यांनी पाहिलेलं तिने पाहिलं होतं.

वहिनीने मान हलवली आणि पर्स उचलली. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

"पाच नंबर मेलाय," ताई म्हणाली. रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तेवढ्या मोठ्याने. मिस्त्रींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तीन कधीच मेला नव्हता. पाच मेलेला होता, तेव्हाही."

वहिनी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून."

"मग भाऊजींना नाही कळला तो आवाज?"

मिस्त्री खांबाला टेकून उभे होते. "त्यांना दोन वर्षं नीट ऐकू येत नाही," ताई म्हणाली. "मी बोटाने सांगते. त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं. आमचा अबोला होता. मी आले नाही."

इथे थांबता आलं असतं. तेवढंही पुष्कळ होतं.

"म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं," वहिनी पुटपुटली. तिच्या आवाजात, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, काहीतरी सैल झालं.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली. "मी वरून ऐकलं होतं. तो वर येऊन तीन म्हणाला, तेव्हाच मला कळलं होतं."

बाहेर रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, चांगली ट्यून केलेली.

"चहा पीत होते ना ते तेव्हा?" वहिनीने विचारलं.

"हो."

"घरी येऊन सांगत होते. ताईने साखर टाकली म्हणून, दोन कप प्यायलो म्हणून." ती गाडीकडे गेली, दार उघडून कललेली सीट तिने सरळ केली, आणि दार हळूच लावलं. "माझा डोळा लागत नाही, ताई. डोळा मिटला की तो दिवा लुकलुकतो. मला वाटायचं, तो माझाच आहे." ती पायरी उतरली. "आता तुम्ही बघा त्याच्याकडे."

ताई तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. वहिनीने वळून पाहिलं नाही. बसथांब्याकडे ती ताठ चालत गेली, आली होती त्यापेक्षा ताठ.

परत आली तेव्हा मिस्त्रींनी पाच नंबरचा प्लग काढला होता. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी तशी. तडा. त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता.

"दोन टोले दिले होते मी," ते म्हणाले.

"चार दिलेत. चारही ऐकले."

त्यांना ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. "आणि वरून ऐकलंस? पंखा चालू असताना?"

"पंखा चालू असताना."

"वरून," ते पुन्हा म्हणाले. एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघून म्हणावं तसं ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा पिळवटला.

मिस्त्रींनी हत्तीला नवा प्लग बसवला, नवी जाळी बसवली. गाडी न्यायला कोणी आलं नाही. फोन केला तर पलीकडून उचलला जाईना. इंजिनाची कामं त्यांनी घेणं बंद केलं, आता ते ब्रेक आणि चाकं बघतात. हत्ती मागच्या भिंतीला उभा आहे. बॅटरी उतरू नये म्हणून मिस्त्री दर रविवारी सकाळी तो सुरू करतात आणि दहा मिनिटं चालू ठेवतात. फरशी गुणगुणते. ताई वर भाजी निवडत असते आणि मोजते. सहाही. एक पाऊल लंगडत नाही.

एका रविवारी तिला राहवलं नाही. ती आपण होऊन खाली गेली, हत्तीच्या मडगार्डजवळ उभी राहिली आणि तर्जनी पत्र्यावर टेकवली. मिस्त्रींनी बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून चावी फिरवली, इंजिन बंद केलं, बोनेट दोन्ही हातांनी खाली आणलं, आणि ते लागेपर्यंत दाबून धरलं.

खांबावर पुन्हा कधी टोला पडला नाही.